लॉन्ड्रीवाल्या बॅरनचा शेवट

मृत्यूपुढे शब्द थिटे पडतात, मेधा. परवा तुझ्या शोकसभेत इथल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष हे वाक्य बोलले, आणि त्यानंतर थर्मासमधला चहा गार होईपर्यंत बोलत राहिले.

तू शेजारी असतीस तर कोपराने ढोसून विचारलं असतंस, "हा आवाज कशाच्या जाहिरातीला चालेल गं?" आणि माझी वाट न बघता उत्तरही देऊन टाकलं असतंस, "आम्लपित्ताच्या. औषध घेण्याआधीच्या."

तुला जाऊन अजून महिनाही झाला नाही आणि मी रडायचं सोडून चिडून बसले आहे. दुःख आहे, ते कुठे जात नाही. पण ते रागाच्या मागे रांगेत उभं आहे आणि राग काही खिडकी सोडायला तयार नाही. म्हणून आधी त्याचं ऐकून घे.

झालं असं. तू निखिलला सांगून ठेवलं होतंस की माझ्यासाठी काही केलंच तर तो आपला सिनेमा लावा. निखिलने बिचाऱ्याने, आज्ञाधारक नवऱ्यासारखं, ते मंडळाच्या समितीला कळवलं. कळवताना त्याने ‘मेधाचा आवडता मूकपट’ असं लिहिलं, आणि तिथेच घात झाला. दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या फोनवर निमंत्रण आलं: ‘कै. मेधा यांना त्यांच्या आवडत्या मूकपटाद्वारे मूक श्रद्धांजली. चित्रपट सुरू असताना उपस्थितांनी मौन पाळावे ही विनंती.’ खाली हात जोडल्याचं चित्र, त्याखाली कबुतर.

मूकपट, म्हणून मूक श्रद्धांजली. शब्द जुळले की आपल्या लोकांना अर्थ जुळल्याचं समाधान मिळतं. समितीत इंजिनियर आहेत, डॉक्टरेट केलेले आहेत, चिपवर केसाच्या हजाराव्या भागाएवढ्या रेघा आखणाऱ्या यंत्रांवर काम करणारे आहेत. त्यांपैकी एकाच्याही मनात आलं नाही की ही बाई जन्मभर आवाजावर जगली.

ठाण्यात जाहिराती आणि डबिंग करत असताना तू टूथपेस्ट होतीस, प्रेशर कुकर होतीस, परदेशी कार्टूनमधली खार होतीस, चेटकीण होतीस आणि चेटकिणीचं मांजरही होतीस. लग्नानंतर नेदरलँड्समधल्या या बेस्ट गावी आलीस तेव्हा मराठी आवाजाला इथे गिऱ्हाईक नव्हतं. ओळखपत्रावर डिपेंडंट. तुझा त्यावर आक्षेप होता. "निखिलला वरणाला फोडणी देता येत नाही. डिपेंडंट तो आहे. मी नुसती सोबत आलेय." मग बेस्टच्याच एका पाळणाघरात कामाला लागलीस. तिथली डच पोरं दुपारची झोपायची ती तुझ्या मराठी अंगाईवर. त्यांच्या आया घरी जाऊन ती गाणी गायचा प्रयत्न करायच्या आणि पोरं उठून बसायची.

आपली ओळख वाचनालयातल्या डचच्या वर्गात झाली. मी पिशवीत जाडं पुस्तक आणलं होतं आणि छत्री विसरले होते, एवढ्यावरून तू माझं नाव पंडित ठेवलंस. ते शेवटपर्यंत टिकलं. सिनेमा तुला मी दाखवला, हे इथे लिहून ठेवते, कारण परवाच्या सभेत ते श्रेय सांस्कृतिक समितीने घेतलं.

नायमेखन शहरात एका छोट्या थिएटरात जुना जर्मन विनोदी मूकपट होता, पियानो वाजवणाऱ्यासकट. मी तुला ओढत नेलं. आधी एक तज्ज्ञ उभे राहिले आणि जुन्या फिल्मचं ज्वालाग्राही नायट्रेट, तिचं आकसणं, तिचं जतन यांवर अशा सुरात बोलले की वाटावं, आत कुणाचं तरी ऑपरेशन चालू आहे. बोलपट यायच्या अगदी तोंडावर निघालेला हा सिनेमा. जर्मनीत त्याची एकही प्रत उरली नाही. उरली ती डच वितरकाला पाठवलेली, संवादांच्या डच पाट्यांची, आणि तिचंही शेवटचं रीळ गायब. एवढं ऐकल्यावर प्रेक्षक असे बसले की हसलं तर नायट्रेट पेट घेईल.

आणि पडद्यावर काय? बर्लिनच्या एका लॉन्ड्रीतला लाजरा नोकर. तो एका बॅरनचा कोट द्यायला त्याच्या हॉटेलात जातो. बॅरन दारू पिऊन आडवा. बाहेर पाऊस, अंगातला सदरा भिजलेला, म्हणून हा तो कोट घटकाभर अंगात घालतो आणि नेमका मेजवानीच्या दालनात ढकलला जातो. कोटाच्या छातीवर लॉन्ड्रीची नंबराची चिठ्ठी टाचलेली. लोकांना वाटतं, ते कुठल्यातरी मोठ्या राज्याचं पदक आहे. पोलिसप्रमुख सलाम ठोकतो. डचेस लवून नमस्कार करते. हा खरं सांगायला तोंड उघडतो की कुणीतरी त्यात सिगार नाहीतर केक कोंबतं. होता होता मंत्र्यालाही तसलंच पदक हवंसं होतं, आणि मग सगळ्या शहरालाच.

थिएटरात कुणी हसेना. विशीतली दोन मुलं टिपणं काढत होती. मंत्री वाकून ती चिठ्ठी न्याहाळायला लागला आणि तुला राहवेना. तू माझ्या कानात त्याचा आवाज काढलास, "वा, वा! कुठल्या संस्थानचं म्हणायचं हे?" लगेच दुसऱ्या आवाजात, "अहो साहेब, लॉन्ड्रीचं." आणि परत मंत्री, "लॉन्ड्री? उत्तरेकडे आलं का हे?" मी खोकल्याचं निमित्त करून हसले. पुढच्या रांगेतल्या पांढऱ्या केसांच्या बाई मागे वळल्या. आता उद्धार होणार म्हणून मी अंग चोरलं. त्या म्हणाल्या, "काय म्हणाला तो?" त्यांना मराठीचा गंध नव्हता. तरी त्यांना ऐकायचं होतं. उरलेला सिनेमा तू मोठ्यांदा बोललीस, मी इंग्रजीत सांगत गेले, आणि दोन रांगा हसत होत्या. तज्ज्ञ आधी अस्वस्थ झाले, मग सरकून जवळ येऊन बसले.

त्यातून पुढे बेस्टच्या त्या वस्तीकेंद्रातले आपले खेळ झाले. तो सिनेमा सगळ्यांना पाहायला खुला आहे असं कळल्यावर तू उड्या मारल्यास. ‘लॉन्ड्रीवाला बॅरन’ हे नाव तुझं. मूळ जर्मन नाव एवढं लांब होतं की ते संपेपर्यंत पहिला विनोद होऊन जायचा. खेळाला यायची ती दोन टोकांची माणसं. एकीकडे पुण्या-मुंबईहून नातवंडांकडे आलेले आजी-आजोबा, ज्यांना दिवसभर खिडकीतून सायकली बघण्यापलीकडे काम नव्हतं, आणि दुसरीकडे ती नातवंडं, ज्यांना मराठी कळायचं पण जीभ डचच चालायची. मधले, म्हणजे आपल्या वयाचे, मुलांना सोडायला यायचे आणि फोन बघत उभे राहायचे. पंधरा मिनिटांत फोन खिशात. डचेस तुझ्या तोंडून नागपुरी बोलायची: "काहून बे, एवढा मोठा बॅरन अन् भिऊन राह्यला?" आजोबांना ठसका लागायचा. पोरं डचमध्ये ओरडायची, "तो खोटा आहे! खोटा बॅरन!" आणि तू बॅरनच्या आवाजात त्यांना मराठीत दटावायचीस, "हळू बोला रे, माझी नोकरी जाईल."

त्या पाट्यांवरून तू डचही शिकलीस, हे तर मी सभेत सांगणारच होते. कुणी बोलू दिलं असतं तर. पाट्यांवरची भाषा शंभर वर्षांपूर्वीची. एकदा घसा बसला म्हणून तू डॉक्टरांच्या दवाखान्यात फोन केलास. स्वागतिकेला जे काही म्हणालीस त्याचा मराठी अर्थ साधारण असा: ‘परमादरणीय कुमारिके, मी घोर विवंचनेत सापडले असून आपल्या कृपाकटाक्षाची याचना करते.’ मग ती म्हणाली, "पॅरासिटामॉल घेऊन पाहिलंत का?" तू हे मला सांगितलंस तेव्हा रागावली होतीस. "एवढं नटून बोलले, तर तीही जरा नटून बोलली असती!"

आणि आपलं ते भांडण. ते राहूनच गेलं.

सिनेमा तुटतो तो दरबारात. सगळं शहर छातीवर लॉन्ड्रीच्या चिठ्ठ्या लावून उभं आहे, दार उघडतं, लॉन्ड्रीचा मालक आत पाऊल टाकतो, आणि पडदा पांढरा होतो. पुढचं कुणालाच माहीत नाही. तू मात्र थांबायची नाहीस. पांढऱ्या पडद्यासमोर उभी राहून शेवट सांगायचीस, दर खेळाला निराळा. कधी मालक बॅरनला ओळखतच नाही, कारण त्याने नोकराचं तोंड कधी नीट पाहिलेलंच नसतं. कधी डचेस लॉन्ड्री काढते. माझ्या सासूबाई खेळाला बसल्या आणि "लग्न लागल्याशिवाय मी उठायची नाही" म्हणाल्या, तेव्हा तू बॅरनचं लग्न लावून दिलंस, उखाण्यासकट.

मला ते पटायचं नाही. तुटलं आहे तिथे थांबावं, माझं म्हणणं. जे नाही ते आहे म्हणून दाखवणं म्हणजे त्या सिनेमावाल्याशी बेइमानी. तुझं उत्तर ठरलेलं होतं. "पंडित, लोकांनी कोट घातलेत. बाहेर गारठा आहे, वारा तोंडावर घेत सायकल मारायचीय. त्यांना अर्ध्यावर सोडून तू इमानदार राहा. मी नाही राहणार." मी म्हणायचे, तो शेवट त्याचा नाही, तुझा आहे. तू म्हणायचीस, "मग? आवाजही माझाच आहे की."

दवाखान्यात शेवटचं भेटलो तेव्हाही हेच. तुझ्या समोर डच पद्धतीचं पिवळं सूप होतं आणि तू त्याला चेटकिणीच्या आवाजात शिव्या देत होतीस. मग एकदम म्हणालीस, "शोकसभा घेतील गं. घेऊ देत, त्यांना तेवढंच काम. पण पिक्चर लावा आणि त्यावर बोला. गप्प बसलात तर बघा. आणि शेवट तू सांगायचास."

"मी नाही सांगणार. मला पटत नाही, तुला माहीत आहे."

"म्हणून तर तुला सांगतेय."

मी पुढे काही म्हणणार होते. तेवढ्यात नर्स आली, सूप तसंच राहिलेलं बघून तुझ्यावर रागावली, आणि तू तिला डोळा मारलास. त्यावर मी हो म्हटलं नाही आणि पुन्हा नाहीही म्हटलं नाही. घरी येताना बसमध्ये मला एकाहून एक मुद्दे सुचले. ते सांगायला मी जाणार होते.

आता परवाचं ऐक. हॉलमध्ये ज्योत पेटवायला बंदी, म्हणून तुझ्या फोटोपुढे बॅटरीवरची समई. ती मधूनच निळी, मधूनच जांभळी होत होती. समितीच्या छातीवर नावांचे बिल्ले, काळ्या रिबिनीचे. हे सगळं करून ते लोक लॉन्ड्रीवाला बॅरन लावत होते, आणि कुणाच्याही चेहऱ्यावरची सुरकुती हलत नव्हती. सिनेमाला साथ म्हणून सतारीची कसलीशी करुण धून. पोलिसप्रमुखाने चिठ्ठीला सलाम ठोकला, सतार विव्हळली. बॅरनच्या तोंडात केक कोंबला, सतार आणखी विव्हळली. लोक माना खाली घालून. खाली माना घालून सिनेमा कसा बघतात, मेधा? तिसऱ्या रांगेत एका आजींचे खांदे हलायला लागले. तुझे खेळ पाहिलेल्या त्या. लेकाने दबक्या आवाजात दरडावलं, "आई, मौन!" आजींनी पदर तोंडाला लावला. बघणाऱ्याला वाटलं, गहिवरल्या. छायाचित्रकाराने तर फोटोच काढला.

माझ्या आत काय चाललं होतं ते छापण्यासारखं नाही. ही माणसं वाईट नाहीत, हे मला कळतं. तू आजारी असताना यांनीच पाळ्या लावून डबे दिले, तुझ्या लेकीला, सईला, शाळेतून आणलं, नेलं. म्हणून तर जास्त चीड. ज्यांना तुझ्या घरातला मिसळणाचा डबा कुठे असतो हे ठाऊक, त्यांना तू कोण होतीस हे ठाऊक नसावं? की माणूस गेलं की त्याला सगळ्यांसारखं करून टाकल्याशिवाय आपल्याला निरोप देताच येत नाही? चांगली जिवंत असताना तू एकही वाक्य सरळ आवाजात बोलली नाहीस. आणि आता तू ‘शांत, संयमी, मितभाषी’. मितभाषी! हा शब्द माइकवरून उच्चारला गेला तेव्हा निखिलने माझ्याकडे पाहिलं. महिन्याभरात त्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच काहीतरी हललं.

दरबार आला. चिठ्ठ्या लावलेलं शहर उभं राहिलं. दार उघडलं, मालकाने पाऊल टाकलं, पडदा पांढरा झाला. सतार थांबली. आणि अध्यक्ष माइककडे गेले.

"हा शुभ्र पडदा," ते म्हणाले, "म्हणजे अनंत. मेधाताई आज या अनंतात..."

मी उभी राहिले. ठरवून नाही. गुडघे आधी उठले.

"अनंत नाही हो," मी म्हटलं. "रीळ हरवलंय."

सचिवबाई धावत आल्या. "अगं, मौन चालू आहे!"

"मग ते कसे बोलतायत?"

कुठूनतरी फिसकन आवाज आला. मग मी पडद्यापुढे जाऊन उभी राहिले, आणि मेधा, माझा आवाज निघाला तो नगरपालिकेच्या सूचनेसारखा. "तर, लॉन्ड्रीचे मालक आत येतात. ते बॅरनकडे बघतात. आणि ते म्हणतात..." पुढे काही नाही. डोकं त्या पडद्याइतकंच पांढरं. तू कधी लिहून ठेवलं नव्हतंस, मला कधी पटलं नव्हतं, आणि सगळा हॉल बघत होता. अध्यक्ष माइक हातात धरून, अनंत अर्धवट राहिल्याच्या चेहऱ्याने.

मागून निखिल बोलला. त्याला आवाज काढता येत नाही, त्याने तो आपल्याच आवाजात काढला.

"मालक म्हणतो, ‘पावती आणलीय का?’"

आजींनी पदर काढला. आधी त्या हसल्या, मग त्यांचा लेक. मग तर काय, बांध फुटला. "नाही हो, पावती डचेसकडे असते!" "आमच्या वेळी तर तिने त्याला मंत्री केलं होतं." "छे छे, मंत्र्याला लॉन्ड्रीत इस्त्रीला बसवलं होतं, मी स्वतः पाहिलंय." "पाहिलं कुठून, पडद्यावर काहीच नव्हतं!" "तेच म्हणतोय, तरी पाहिलंय!" माणसं खुर्च्यांवरून वळून भांडत होती. कुणीतरी नागपुरी काढायला गेलं आणि ती कोल्हापुरी झाली. मिनिटभर मी तिथे उभी होते आणि मला कुणी विचारत नव्हतं. इतकं बरं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

मग पहिल्या रांगेतून सई डचमध्ये काहीतरी म्हणाली. सगळे तिच्याकडे वळले. आजी म्हणाल्या, "काय म्हणाली गं पोरगी? आम्हाला कळेल असं सांग." तुला ठाऊक आहे, ती मराठीत उत्तर देत नाही. तुझ्याशीसुद्धा नाही द्यायची, तू मराठीत भांडायचीस आणि ती डचमध्ये. ती उभी राहिली आणि एकेक शब्द शोधत म्हणाली, "आई मला घरी वेगळा सांगायची. मालक सगळ्यांचे कोट धुवायला नेतो. मग सगळे शर्टात. मग कोण मंत्री, ते कळतच नाही. म्हणून सगळे घरी जातात." आणि खाली बसता बसता, "जेवायला."

हे तू मला कधी सांगितलं नव्हतंस. घरचा शेवट निराळा होता तर. इतकी वर्षं माझ्याशी वाद घालताना हा तू राखून ठेवला होतास.

तरी मला अजून पटलेलं नाही, हे सांगून टाकते. तुटलं तिथे थांबावं. सईचा शेवट सुंदर आहे, पण तो त्या सिनेमाचा नाही. बसमध्ये सुचलेले मुद्दे अजून माझ्याकडे आहेत आणि त्यांतला एक तर बिनतोड आहे. तो ऐकून तू चेटकीण झाली असतीस, मांजर झाली असतीस, आणि मी हसले असते म्हणजे तूच जिंकली असतीस. आता तो मुद्दा घेऊन मी बेस्टच्या बाजारातून सायकल चालवते आहे आणि समोरून कुणी येत नाही. तू मला या परक्या गावात मोठ्यांदा हसायला लावलंस. त्याबद्दल आभार मानायचे राहिले, कारण तुझ्याशी बोलताना मधे शिरायला जागा मिळायची नाही.

त्या दिवशी आभारप्रदर्शन सचिवबाईंनी केलं. कार्यक्रम फारच रंगला, सर्व वयोगटांचा सहभाग लाभला, तेव्हा असा कार्यक्रम दरवर्षी व्हावा, असं त्यांनी टाळ्यांच्या गजरात जाहीर केलं. तो कुणाच्या निधनानिमित्त घ्यायचा, ते समितीच्या पुढच्या बैठकीत ठरणार आहे.